बोलत्या मोटारीची घडण : वाणी आणि वक्ता

अमेरिकेतील एनबीसी ह्या दूरचित्रवाहिनीवर १९८२ ते १९८६ ह्या काळात प्रसारित झालेल्या ‘नाइट रायडर’ मालिकेतील ‘किट’ ही मोटार यांत्रिक कल्पकतेचा नमुना म्हणून वाखाणली जाते. हा अभिप्राय चुकीचा नव्हे. परंतु अपुरा आहे. किटची घडण कारखान्यात सुरू झाली असली, तरी ती पुरी झाली भाषेत.

मालिकेचे जनक ग्लेन लार्सन. बाजारात मिळणाऱ्या १९८२ च्या पाँटिअ‍ॅक फायरबर्ड ट्रान्स अ‍ॅम मोटारीचा दर्शनी भाग व नियंत्रणफलक मायकेल शेफी ह्यांनी नव्याने योजिला. समोरून सरकणारा तांबडा प्रकाश लार्सन ह्यांच्याच १९७८ च्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’तील सायलॉन यंत्रमानवांच्या नेत्रावरून आला. ह्या नेत्राने मोटारीस सजीवपणाचा भास दिला. व्यक्तित्व मात्र दिले ते विल्यम डॅनियल्स ह्यांच्या संयत, किंचित पंडिती स्वराने. फलकावर आरंभी बोलण्याबरोबर केवळ एक चौकोनी दिवा लुकलुकत असे. पुढे तीन उभ्या प्रकाशपट्ट्या स्वराबरोबर चढू-उतरू लागल्या. ओठ नसलेल्या वक्त्याला अशा रीतीने दृश्य उच्चार लाभला.

ह्यापूर्वी १९६५ च्या ‘माय मदर द कार’ मालिकेत जुन्या मोटारीच्या रेडिओतून नायकाची दिवंगत माता बोलत असे. तेथील ‘मी’ मानवाकडून उसना घेतलेला होता. किटचा ‘मी’ स्वतःचा आहे. किटचा पूर्वावतार ‘कार’ हा देहाने जवळजवळ तसाच. परंतु मानवरक्षणाऐवजी आत्मरक्षण हा त्याचा धर्म आणि वाणीही वेगळी. देह समान असता वैरी ओळखू येतो तो बोलण्यावरून.

मराठीतून ह्या मालिकेविषयी लिहू जाता हाच प्रश्न व्याकरणाच्या रूपाने पुढे येतो. ‘मोटार म्हणाली’ असे लिहिले की वस्तू बोलते. ‘किट म्हणाला’ असे लिहिले की व्यक्ती बोलते. इंग्रजीत हा निवाडा सर्वनामापुरता मर्यादित राहतो. मराठीत तो क्रियापदालाही करावा लागतो.

तथापि ह्या घडणीत एक लपवणूक आहे. मोटार आपणहून धावताना दाखवावयाची, तेव्हा चालक आसनाच्या बनावट आवरणाआड दडून बसे. डॅनियल्स ह्यांचे नाव, त्यांच्याच इच्छेनुसार, श्रेयनामावलीत नसे. यंत्राचे स्वातंत्र्य दोन अदृश्य माणसांवर उभे होते. नाट्याच्या दृष्टीने ही युक्ती सफल झाली, ह्यात शंका नाही. परंतु वाणी ऐकताच श्रोता वक्ता कल्पितो, ही भाषेची जुनी शक्ती येथे उघडी पडते. आज यंत्रे खरोखरच संभाषण करू लागली असताना, त्या स्वरामागे कोणाचे शब्द आणि कोणाचे श्रम आहेत, हे विचारणे भाषाभ्यासकाचे कर्तव्य ठरते. किटचे खरे महत्त्व तिच्या वेगात नसून ह्या प्रश्नात आहे. आणि ह्या शेवटच्या वाक्यात ‘तिच्या’ लिहावे की ‘त्याच्या’, हाही त्याच प्रश्नाचा एक भाग होय.