नामसाम्य आणि संगीताची सूची

ध्वनिमुद्रणांच्या संगणकीय सूचीत एकाच नावाचे दोन गायक आले, की त्यांना वेगळे ओळखण्यासाठी बहुधा जन्ममृत्यूच्या सनांचा आधार घेतला जातो. ही रीत ग्रंथालयांतील ग्रंथकारांच्या सूचीत रुळलेली आहे व तेथे ती योग्यही आहे. हिंदुस्थानी संगीताच्या बाबतीत मात्र ती पुष्कळदा निरुपयोगी ठरते. जुन्या गवयांचे जन्मसन अनेकदा ऐकीव असतात, आणि तबकडीच्या लेबलावर तर सन नसतोच.

वस्तुतः नामसाम्याचा हा प्रश्न गानपरंपरेने सूचिकारांच्या पूर्वीच आपल्या परीने सोडविला होता. गौहरजानची (१८७३–१९३०) आई मलकाजान. त्याच काळात मलकाजान नावाच्या आणखीही गायिका होत्या; म्हणून वयाने वडील असलेल्या या गायिकेस ‘बडी मलकाजान’ म्हणत, तर दुसरी एक ‘आग्रेवाली’ म्हणून ओळखली जाई. ‘बडी’ किंवा ‘आग्रेवाली’ हे येथे शोभेचे शब्द नव्हेत. ते नावाचे भेदक अंश आहेत. नावे ‘शुद्ध’ करण्याच्या उत्साहात नेमके हेच अंश गाळले, की एकीचे गाणे दुसरीच्या खाती जमा होते.

तथापि घराणे वा गुरू हाही सर्वत्र चालणारा निकष नव्हे. बडे गुलाम अली खाँ (१९०२–१९६८) आणि गझलगायक गुलाम अली (जन्म १९४०) हे गुरुशिष्य. शिष्याचे नावच मुळी उस्तादांवरून ठेवलेले. येथे भेद करावयाचा तो गानप्रकारावरून. आग्रा घराण्याचे गायक विलायत हुसेन खाँ आणि सतारवादक विलायत खाँ यांच्या बाबतीत वाद्याचा नुसता उल्लेख पुरतो. ‘खाँ’ हे आडनाव समजून वर्णानुक्रम लावणे हा तर निव्वळ अनर्थच होय.

म्युझिकब्रेन्झ या खुल्या सूचीची पद्धत या दृष्टीने अधिक समंजस वाटते. तीत प्रत्येक कलावंतास स्वतंत्र ओळखक्रमांक असतो, भेद सांगणारी छोटी टीप नावाबाहेर लिहिली जाते, आणि तबकडीवर छापलेले नाव जसेच्या तसे नोंदण्याची सोय आहे. मात्र टिपेत ‘भारतीय गायिका’ एवढेच लिहिले, तर दोन्ही मलकाजान पुन्हा एकच होतात. शिवाय दोन नोंदी एकत्र करणे सोपे. चुकून एकत्र झालेल्या अलग करावयाच्या, तर एकेक ध्वनिमुद्रण नव्याने तपासावे लागते. ज्या गायिकेचे चरित्र कोणी लिहिले नाही, तिचे सारे कर्तृत्व चारसहा तबकड्यांपुरतेच उरलेले असते. म्हणून जेथे संशय आहे, तेथे नोंदी अलगच ठेवणे इष्ट.

१९०२ मध्ये कलकत्त्यास ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा गौहरजान गाण्याच्या अखेरीस आपले नाव इंग्रजीत उच्चारी. तबकड्या जर्मनीत घडविल्या जात, आणि तेथील कारागिरांस गायिका कोण हे कळावे, असा त्यामागील हेतू सांगितला जातो. नव्या प्रती काढताना तो उच्चार अनावश्यक म्हणून कापला, तर सूचिकाराच्या हाती तेवढाही पुरावा राहत नाही.