फ्रँकल वाचताना राहून जाणारी पानं

व्हिक्टर फ्रँकलचं छळछावणीवरचं पुस्तक आपल्याकडे बहुधा एकाच वाक्यात सांगितलं जातं: ज्याला जगण्याचं कारण सापडलं, तो काहीही सोसतो. ऐकायला बरं वाटतं. पण मग जे गेले, त्यांच्याकडे कारण नव्हतं की काय? हा प्रश्न आपण विचारायलाच हवा.

फ्रँकल व्हिएन्नाचा ज्यू मनोविकारतज्ज्ञ. त्याला १९४२ मध्ये थेरेसिएनश्टाटला आणि १९४४ मध्ये आउशवित्झला नेलं. आई, वडील, भाऊ, पत्नी, सगळे छावण्यांत गेले. तो १९४५ मध्ये सुटला आणि १९४६ मध्ये पुस्तक निघालं.

या पुस्तकात दोन सूर आहेत. एके ठिकाणी तो एका कैद्याची हकिगत सांगतो. ३० मार्चला आपली सुटका होणार, असं त्याला स्वप्न पडलं होतं. सुटका झाली नाही आणि ३१ तारखेला तो टायफसने गेला. फ्रँकल म्हणतो, आशा तुटली म्हणून शरीर हरलं. आमचं मत असं की इथे फ्रँकल घाई करतो. उपासमार होती, उवा होत्या, औषध नव्हतं; एवढं असताना दोष आशेला का द्यायचा? कारण तोच फ्रँकल सुरुवातीला सांगून बसलाय की वाचणं हा बराचसा योगायोग होता आणि आमच्यातले उत्तम होते ते परतले नाहीत. आम्हाला हा दुसरा सूर खरा वाटतो.

ही कसोटी आपल्या मातीत लावून बघा. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर १८ प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. धुळ्याचा तुरुंग म्हणजे आउशवित्झ नव्हे, ही तुलना कुणी करू नये. मुद्दा वेगळा आहे. अमळनेरला मुलांना घडवणाऱ्या, स्थितप्रज्ञाची लक्षणं स्वतःच्या हाताने लिहून घेणाऱ्या त्याच गुरुजींनी ११ जून १९५० रोजी आपलं जीवन संपवलं. त्यांच्याकडे जगण्याचं कारण नव्हतं, असं खानदेशात कोण म्हणेल? आशा ही गुणपत्रिका नव्हे, हे आपल्याला गुरुजींमुळे कळायला हवं.

मग वाचलेल्यांना आनंद मिळतो कुठून? त्यासाठी पुस्तकाची शेवटची पानं वाचावीत. नेमकी तीच राहून जातात. सुटलेले कैदी कुरणापर्यंत फिरून येतात, फुलं बघतात, आणि संध्याकाळी एकमेकांना विचारतात, आज आनंद झाला का रे? उत्तर येतं, नाही. आनंद होणंच ते विसरले होते. ते हळूहळू पुन्हा शिकावं लागलं. घरी परतल्यावर तर काहींची वाट बघायलाही कुणी उरलं नव्हतं.

इथे फ्रँकल आम्हाला मोठा वाटतो. आनंद लगेच आला, असं तो खोटं सांगत नाही. आणि त्या संध्याकाळच्या प्रश्नातच उत्तराची सुरुवात आहे: विचारणारं कुणीतरी होतं, आणि 'नाही' म्हणायची मोकळीक होती.

आज कापूस बुडालेल्या घरी जाऊन आपण 'धीर धरा, मन खंबीर ठेवा' म्हणतो आणि उठतो. फ्रँकल नीट वाचला असेल, तर आपण तिथे थोडं बसू, विचारू, आणि 'नाही' हे उत्तर ऐकून घेऊ. उद्या परत जाऊ.