शक्ती नसलेला नायक

रामघाटावर संध्याकाळच्या क्षिप्रा-आरतीची वाट पाहत बसलो असता नातवाने हातातले इंग्रजी पुस्तक मिटले. अद्भुत शक्ती लाभलेली मुले शहरातील गुन्हेगारांचा बंदोबस्त करतात, अशा कथेचा तो दुसरा भाग होता. त्याने विचारले, "आजोबा, तुमच्या फास्टर फेणेकडे कोणती शक्ती होती?" प्रश्न साधा नव्हता, म्हणून हा लेखनप्रपंच.

भा. रा. भागवत (1910–2001) यांचा जन्म इंदूरचा. त्यामुळे माळव्यातील मराठी वाचकाला त्यांच्याविषयी थोडी अधिकच आपुलकी. त्यांचा बनेश फेणे मूळचा फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवन शाळेतला, अंगकाठीने किरकोळ. सायकल, चपळाई, चौकसपणा आणि 'टॉक्' असा आवाज काढण्याची सवय, एवढेच त्याचे भांडवल. 'विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे'सारख्या गोष्टींत संकट बाहेरून येते आणि अखेरीस मोठी माणसे मुलाचे म्हणणे ऐकून घेतात. माझ्या मते त्या जगातील खरे अद्भुत हेच.

2017 साली आलेला आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'फास्टर फेणे' हा चित्रपट एका अर्थी या मालिकेचा उत्तरार्ध होय. अमेय वाघने साकारलेला फेणे आता वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसणारा तरुण आहे. स्वतः भागवतही पात्ररूपाने भेटतात; ती भूमिका दिलीप प्रभावळकरांची. येथे गुन्हा बाहेरून येत नाही. तो परीक्षेच्या व्यवस्थेतच मुरलेला आहे. मध्य प्रदेशातील प्रेक्षकाला हे परके वाटणे शक्य नव्हते. व्यापम घोटाळा 2013 मध्ये उघडकीस आला, 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला आणि 2017 च्या फेब्रुवारीत 600हून अधिक वैद्यकीय प्रवेश रद्दबातल ठरवले.

नायकाबरोबर गुन्ह्यालाही वयात आणणे, हे या चित्रपटाचे मोठे यश. उणीव मात्र तेथेच आहे. गिरीश कुलकर्णींचा आप्पा इतका ठसतो, की सारे पाप त्याच्याच माथी जाते. पैसे मोजणारे पालक आणि डोळेझाक करणारे कर्मचारी आपल्या मनातून सहज सुटतात. अद्भुत शक्तीच्या कथांतही बहुधा असेच घडते: पुढच्या भागात शक्ती वाढते, खलनायक वाढतो आणि सामान्य माणूस प्रेक्षकच राहतो.

हे मी तटस्थपणे लिहू शकत नाही. शासकीय सेवेत असताना एका परीक्षा केंद्रावर मी निरीक्षक होतो. प्रवेशपत्रावरील छायाचित्र आणि समोरचा उमेदवार यांचा मेळ बसेना. "छायाचित्र जुने असेल," असे केंद्रप्रमुख म्हणाले आणि मी सही केली. पुढे कधी चौकशीही केली नाही. माझ्याकडे पद होते, अधिकार होता, शिक्का होता. यांपैकी काहीही जवळ नसलेला तो फुरसुंगीचा पोरगा तेथे नक्की 'टॉक्' करून थबकला असता.

नातवाला मी उत्तर दिले, "शंका आली की तो गप्प बसत नसे."

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच," मी म्हणालो. त्या सहीची गोष्ट मात्र त्याला अजून सांगितलेली नाही. हा अंक हाती आला, की तो ती वाचेलच.