‘रेणवीय व्याधी’ : एका निबंधाचे नंदुरबारच्या संदर्भात पुनर्वाचन

लायनस पॉलिंग, हार्वे इटानो, सिंगर व वेल्स ह्या चौघांचा सिकलसेल पांडुरोगावरील निबंध ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात २५ नोव्हेंबर १९४९ रोजी प्रसिद्ध झाला. त्यास मिळणारा मान रास्तच आहे. तथापि त्याच्या शीर्षकातील ‘रेणवीय व्याधी’ हा शब्दप्रयोग जितका उद्धृत होतो, तितका मूळ मजकूर वाचला जात नसावा, अशी शंका येते. भिल्ल, पावरा व मावची समाजांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या नंदुरबार जिल्ह्याच्या दृष्टीने तो पुन्हा वाचणे अगत्याचे आहे.

विद्युत् संचारणाच्या पद्धतीने लेखकांनी दाखविले की, रुग्णाच्या हीमोग्लोबिनाच्या रेणूवर निरोगी माणसाच्या मानाने दोन ते चार धन विद्युत्‌भार अधिक असतात. ह्याचे रासायनिक कारण व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये उलगडले : बीटा शृंखलेतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन. इतके सर्वांस ठाऊक असते. परंतु निबंधाचा खरा विशेष दुसराच आहे. वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकारची हीमोग्लोबिने एकत्र नांदतात, रुग्णाच्या रक्तात निरोगी प्रकार आढळत नाही, हा भेद त्यांनी मोजून दाखविला.

आणि नेमका हाच भेद आपल्या पाहण्यांतील पहिल्या चाचणीत पुसला जातो. सोल्युबिलिटी चाचणीत सोडियम डायथायोनाइटाने प्राणवायू काढून घेतला की सिकल हीमोग्लोबिन अविद्राव्य होते, द्रव गढूळ होतो व नळीमागील रेघा दिसेनाशा होतात. वाहक असो वा रुग्ण, गढूळपणा दोहोंतही येतो. सहा महिन्यांखालील अर्भकात तर रोग असूनही ती चुकू शकते. चाचणी स्वस्त आहे, पाड्यावर करता येते. तिचा अव्हेर करण्याचे कारण नाही. मात्र तिच्यापुढे विद्युत् संचारण किंवा एचपीएलसी न करता ‘सकारात्मक’ एवढाच आकडा छापणाऱ्या पाहणीस रोगाचा अभ्यास म्हणता येत नाही. लग्नाच्या मुलीच्या कपाळी हा एक शब्द लागला, की ती रुग्ण की केवळ वाहक, हे विचारण्यास कोणी थांबत नाही. दोघे वाहक असतील तरच प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता चारांत एक, हे गणित मग कोण सांगणार? जुलै २०२३ मध्ये आरंभ झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत वाहक व रुग्ण वेगळे दाखविणाऱ्या तत्काळ चाचण्यांनाही स्थान आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय.

येथवर निबंधाची बाजू घेतली; आता त्याच्या शीर्षकाविषयी. एका रेणूने व्याधी सिद्ध होते, पण तिची तीव्रता नव्हे. भारतीय रुग्णांत बहुधा आढळणाऱ्या अरब-भारतीय जनुकप्रकारात गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन प्रौढपणीही बरेच उरते व पेशींना विळ्याचा आकार येण्यास अटकाव करते. ह्यावरून ‘आपला रोग सौम्य’ असा निष्कर्ष काढण्याची प्रथा पडली. ती आम्हांस घातक वाटते. वेदनेचे झटके व प्लीहेचे विकार येथील रुग्णांसही चुकलेले नाहीत.

तीव्रता जाणावयाची तर बिलिरुबिन, एलडीएच, जी-६-पीडी एंझाइम व रक्तक्लथनाचे घटक पाहावे लागतात. विकृत पेशींच्या आवरणावर फॉस्फॅटिडिलसेरिन उघडे पडते, त्यावर थ्रॉम्बिन निर्माण होते. डी-डायमर वाढलेले दिसते ते ह्यामुळेच. जी-६-पीडीची गोष्ट अधिक फसवी आहे. तरुण तांबड्या पेशींत हे एंझाइम अधिक असते. रुग्णाच्या रक्तात अशा पेशींचा भरणा असल्याने कमतरता झाकली जाते. अशा रुग्णास हिवतापासाठी प्रायमाक्वीन देताना हा झाकलेला आकडा जिवावर बेतू शकतो.

महाराष्ट्रातील आदिवासींमध्ये ह्या रोगाचा दीर्घकाळ शोध घेणारे डॉ. सुदाम काटे यांस २०१९ साली पद्मश्री मिळाली. अशा शोधातून रुग्ण कोठे आहेत हे कळले. पुढचे काम प्रयोगशाळेचे आहे, आणि तेथे अंतर हीच अडचण ठरते. क्लथनाच्या चाचणीस रक्त नऊ भाग व सायट्रेट एक भाग हे प्रमाण अचूक लागते, आणि रक्तद्रव काही तासांतच वेगळा करावा लागतो. धडगावहून चांदसैली घाटाने हेलकावे खात आलेल्या नळीत पेशी फुटल्या, तर एलडीएच नळीतच वाढते, आणि तो दोष रुग्णाच्या नावे लिहिला जातो. म्हणून ह्या जिल्ह्यातील कोणताही अहवाल हाती आल्यास नमुना किती वाजता घेतला व रक्तद्रव किती वाजता वेगळा केला, हे दोन रकाने वाचकाने प्रथम शोधावेत.