परदेश आणि स्वत्व : ‘आनंदी गोपाळ’च्या निमित्ताने

कथावाङ्मयातील मराठी स्त्री परदेशी गेली म्हणजे तिला आपले स्वत्व गवसते, असे मानण्याकडे समीक्षकांचा कल असतो. आम्हांस हे पुरते मान्य नाही. आपल्याकडील स्त्रीचा पहिला परदेश म्हणजे सासर. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदी झाली. घर आणि नाव ही दोन्ही आगबोटीवर पाऊल ठेवण्यापूर्वीच सुटली होती.

श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) ही कादंबरी हा पूर्वभाग मोठ्या सामर्थ्याने रंगविते. शिक्षणाच्या हट्टापायी पत्नीवर हात उगारणारे गोपाळराव विसरू म्हणता विसरता येत नाहीत. परंतु कादंबरीची मर्यादाही याच यशात आहे. १८८३ साली आनंदीबाई पतीवाचून अमेरिकेस गेल्या, तरी लेखकाचे कुतूहल गोपाळरावांपाशीच अधिक रेंगाळते.

वस्तुतः आनंदीबाईंच्या स्वत्वाचा खरा पुरावा त्यांच्या पत्रांत आहे. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रात ती वाचावयास मिळतात. अमेरिकेतून पतीस लिहिताना आनंदीबाई लहानपणी सोसलेल्या माराची आठवण देतात, आणि ते वागणे चांगले की वाईट हे ठरविणे कठीण आहे, असे सांगतात. पतीच्या वर्तनाचा न्याय आपण करावयाचा, हा अधिकार येथे प्रथम उच्चारला गेला आहे. समोर बसून जे बोलवले नसते, ते अंतराने बोलविले.

गौरी देशपांडे यांच्या ‘तेरुओ’पर्यंत (१९८५) येता चित्र पालटते. जपानात वावरणारी नायिका आपली कथा आपल्याच तोंडाने सांगते. मराठी कथेने केलेली ही मोठी मजल होय. तथापि तिचे बोलणे ऐकून जाब विचारणारे घर मागे पडले आहे. आनंदीबाईंचे प्रत्येक वाक्य मात्र त्याच घरी वाचले जाणार होते. त्या जोखमीचे तेज ‘तेरुओ’त आम्हांस उणे वाटते.

सीमाभागातील शिक्षकांस हा विषय दूरचा नाही. शहापूरची लेक कानडी मुलखात नांदावयास जाते, तेव्हा भाषेसह सारेच तिला नव्याने मांडावे लागते. आनंदीबाईंची नेमणूकही निपाणीपलीकडच्या कोल्हापुरातील रुग्णालयात झाली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्या निवर्तल्या. म्हणून आमची सूचना एवढीच, की वर्गात ही कादंबरी वाचताना आनंदीबाईंची पत्रे शेजारी ठेवावीत.