खेळांचे प्रकार आणि भूकंपाचे बटण

विषय कळवला तेव्हा इथल्या एका शिक्षकांनी आम्हाला फोनवर विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानावर बोलणार होता ना?" आम्ही म्हटलं, त्यावरच बोलणार आहोत.

दोन-तीन वर्षांपूर्वी किल्लारीत आलो होतो, तेव्हा ज्या घरी गेलो तिथं एकच तक्रार ऐकली. लेकरू दिवसभर पब्जी खेळतंय! आम्ही जरा वाकून पाहिलं. एका घरी पोरगा गाडी पळवत होता, दुसऱ्या घरी मुलगी रंगीत गोळ्या जुळवत होती, तिसऱ्या घरी एकजण शहर बांधत बसला होता. पब्जी कुणीच खेळत नव्हतं. ओट्यावर वडील मोबाइलवर पैसे लावून रमी खेळत होते, पण त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती. ते म्हणे 'टाइमपास' करत होते.

पब्जीवर आपल्याकडे 2 सप्टेंबर 2020 रोजी बंदी आली, ती त्यातल्या गोळीबारामुळे नव्हे. माहितीच्या सुरक्षेचं कारण देऊन चिनी संबंध असलेली शंभरावर अॅप्स एकदम बंद केली, त्यांतलं ते एक होतं. पण पालकांनी अर्थ काढला की सरकारलाही गेम वाईट वाटतात. सगळ्यांना एकच नाव दिलं की असं होतं.

मग वेगवेगळी नावं द्यावीत, तर ती आहेतच की. गेमच्या दुनियेत प्रकारांची यादी मोठी आहे: शूटर, रेसिंग, पझल, रोल-प्लेइंग, सिम्युलेशन, हॉरर, बॅटल रॉयल. आमची तक्रार या यादीबद्दल आहे. 'फर्स्ट पर्सन शूटर' हे नाव दोन गोष्टींवरून पडलं, डोळा कुणाचा आणि हातात काय. 'हॉरर' हे नाव रसावरून आलं, आपल्या भाषेत भयानक. 'बॅटल रॉयल' आलं एका जपानी कादंबरीवरून आणि तिच्यावरच्या चित्रपटावरून. 'रोगलाइक' म्हणजे तर निव्वळ 1980च्या 'रोग' नावाच्या गेमसारखा. म्हणजे बाजारात एका पाटीवर 'आंबट', दुसरीवर 'लातूरचे' आणि तिसरीवर 'रामभाऊंच्या बोरांसारखे' असं लिहावं, तशातली गत!

आपल्या न्यायपरंपरेत याला नेमका शब्द आहे. उदयनाचार्यांनी 'जाती' कशाला म्हणता येत नाही याची कारणं दिली, त्यांत एक 'संकर'. दोन वर्ग एकमेकांत अर्धेमुर्धे घुसत असतील, म्हणजे काही वस्तू दोन्हीकडे, काही फक्त इकडे आणि काही फक्त तिकडे असतील, तर त्यांना जाती म्हणू नये. त्या केवळ उपाधी. हॉरर आणि शूटर यांचं तेच आहे. दोन्ही असलेले गेम आहेत, एकच असलेलेही आहेत. विटगेनस्टाइननं 1953 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याहून पुढं जाऊन म्हटलं की 'खेळ' या शब्दाखाली येणाऱ्या सगळ्यांत समान असं काही नसतंच, एका कुटुंबातल्या माणसांसारखं नाक याच्याशी जुळतं, चाल त्याच्याशी. वर्गात हे शिकवताना मुलं खूश व्हायची, कारण मग व्याख्या पाठ करावी लागत नाही.

पण आम्ही तिथं थांबायला तयार नाही. इथून जवळच, सीमेपलीकडे बिदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. ती चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराचा 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकातला ग्रंथ. त्याचे पाच भाग. चौथा विनोदांचा, पाचवा क्रीडांचा. कुस्ती, कोंबड्यांची झुंज, गाणं-नाचणं हे विनोदांत. फासे, कवड्या, पाण्यातले खेळ हे क्रीडांत. काटेकोर रेघ तिथंही नाही, शिकार विनोदांतच आहे. तरी आमच्या वाचनात ढोबळ फरक दिसतो तो असा, की एकात राजा प्रामुख्यानं बघतो आणि दुसऱ्यात स्वतः उतरतो. आज मुलं तासन्‌तास दुसऱ्याचा गेम बघतात ना, तो विनोद. स्वतः खेळतात ती क्रीडा. सोमेश्वरानं पडद्यावर काय दिसतं ते विचारलं नसतं, माणूस कुठं उभा आहे ते विचारलं असतं.

आम्ही त्यात एक प्रश्न घालतो: हरल्यावर दोष कुणाचा? बुद्धिबळात किंवा गोळीबाराच्या गेममध्ये समोरचा सरस ठरला म्हणून हरतो. सापशिडीत फाशाचं दान पडलं नाही म्हणून. 'टेट्रिस'मध्ये वरून येणारा तुकडा आपल्या हाती नसतो, पण खाली रचलेला ढीग आपलाच असतो. सोंगाच्या गेममध्ये, म्हणजे रोल-प्लेइंगमध्ये, हरणं हाच पुष्कळदा कथेचा पुढचा भाग असतो. चित्रं काढून घ्या, बंदुकीच्या जागी फुलं ठेवा, हा फरक तसाच राहतो.

आता रमीकडे येऊ. 1968 साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. ते पत्त्यांपुरतं ठीकच होतं. टाकलेली पानं लक्षात ठेवावी लागतात. पुढं अॅपवाल्यांनी हेच लक्षण उचललं. परिणाम काय झाला? खेळ कौशल्याचा म्हटला की हरलेला माणूस दोष स्वतःकडे घेतो. आज चुकलो, उद्या नीट खेळेन. नशिबाचा जुगार हरलेला निदान नशिबाला शिव्या देऊन उठतो तरी. हा उठतच नाही. आमच्या नात्यातला एक मुलगा असाच बसून राहिला, दीड एकर जमीन गेली. घरचे त्याच्या धाकट्या भावाला 'गेम सोड' म्हणून रागवत होते!

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यानं तीन प्रकार पाडले: ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि मनी गेम. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेनं खेळला जाणारा तो मनी गेम, मग त्यात कौशल्य असो की नशीब, आणि त्याला बंदी. आम्हाला हे लक्षण जुन्यापेक्षा बरं वाटतं, कारण ते खेळाकडे न बघता पणाकडे बघतं. अव्याप्तीची शंका मात्र राहते. काही फुकटच्या गेममध्ये पैसे देऊन बंद पेटी उघडता येते, आत काय निघेल ते दैवावर. गेमवर पाटी 'अॅक्शन'ची आणि आत सोडत. पाटी वाचून परवानगी देणाऱ्या आईला हे कसं कळावं?

तो शहर बांधणारा पोरगा राहिला. त्याच्या प्रकाराला सिम्युलेशन म्हणतात. या प्रकारातल्या एका गेमचा जन्मही गमतीचा आहे. विल राइट नावाचे गृहस्थ हेलिकॉप्टरनं बेटांवर बाँब टाकण्याचा गेम करत होते. त्यांना टाकण्यापेक्षा बेटं रचण्यातच जास्त मजा वाटू लागली. त्यातून 1989 साली 'सिमसिटी' आला. त्यात संकटांची यादी आहे: आग, पूर, वादळ, भूकंप. हवं ते निवडायचं.

या पोराच्या गेममध्येही तसं बटण होतं. त्यानं आमच्यासमोर ते दाबलं. पडदा हलला, काही इमारती पडल्या, काही राहिल्या. त्याचे आजोबा शेजारी होते. 1993च्या गणेश विसर्जनानंतरची ती पहाट त्यांनी जुन्या गावात काढलेली. आम्हाला वाटलं, रागवतील. ते वाकले आणि म्हणाले, "हे का पडलं अन्‌ ते का राहिलं?" पोरगा म्हणाला, "तसंच असतं, आबा. कोणतंबी पडतं."

गेमवरची याहून चांगली टीका आम्ही वाचलेली नाही. सिम्युलेशन म्हणजे कार्यकारणाचा खेळ. कर वाढवला तर लोक जातात, रस्ता दिला तर वस्ती वाढते. पण नेमकं भूकंपाशी आल्यावर त्या गेमनं फासा टाकला. किल्लारीत काय पडलं आणि का, हे आबांना ठाऊक आहे. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचा थर घातलेलं जड माळवद, आणि खाली झोपलेली माणसं. त्याच गावाजवळची हलकी झोपडी उभी राहिली. जमीन हलली यात कुणाचा दोष नाही, छताचं वजन मात्र माणसानं टाकलेलं होतं. आबांना विचारायचं होतं ते हेच की या खेळात छताला वजन आहे का. नव्हतं.

नंतर 52 गावं नव्या जागी वसवली. सरळ रस्ते, सारखे चौकोन, वरून पाहिल्यावर अगदी त्या पोराच्या पडद्यासारखी. आबा आजही म्हणतात की नव्या गावात सावलीची बोळ नाही. वरून शहर बांधणाऱ्याला बोळ दिसत नाही, हाही त्या प्रकाराचाच गुण म्हणायचा.

पोरगा आता सुट्टीत स्वतः एक गेम लिहितोय म्हणे, घरांना माळवद असलेला. आबा भिंतींची रुंदी सांगतात, हाताच्या मापानं. बरं, आमचं बोलणं झालं. मागं बसलेल्यांपैकी कुणाचा तरी हात मघापासून वर आहे, त्यांना आधी माइक द्या.