भूकंपाच्या दोन वर्षे आधी : आमोसचे पुस्तक मराठवाड्यातून वाचताना

मंडळी, आज आपण बायबलच्या जुन्या करारातलं एक छोटंसं पुस्तक घेतलं आहे. अध्याय नऊच. आमोस हा यहूदातल्या तकोवाचा मेंढपाळ. इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात तो उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात गेला आणि तिथल्या बेथेलच्या देवस्थानात उभा राहून बोलला. पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात काळ सांगितला आहे, तो भूकंपाच्या दोन वर्षे आधीचा. राजांची नावं आहेत, पण लोकांच्या लक्षात राहिला तो भूकंप.

अंबाजोगाईत बसून हे वाचताना आपल्याला किल्लारी आठवणारच. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि हजारो माणसं पुन्हा उठलीच नाहीत. त्यानंतर ‘देवाचा कोप झाला’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे ऐकलं. 1934 मध्ये बिहारच्या भूकंपानंतर गांधीजी म्हणाले होते की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा. रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला. निसर्गाच्या घटनेला नीतीचा हिशेब लावता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. आम्ही रवींद्रनाथांच्या बाजूचे.

मग आमोसचं काय करायचं? इथे एक भेद नीट पाहिला पाहिजे. आपत्ती येऊन गेल्यावर तिचा अर्थ सांगणं वेगळं आणि आधी येऊन दोष दाखवणं वेगळं. पहिल्यात मेलेल्यांवर आरोप होतो, आणि त्यांना उत्तर देता येत नाही. दुसऱ्यात आरोप असतो जिवंत आणि सुस्थितीतल्या माणसांवर. आमोस बोलला तेव्हा राज्याची भरभराट होती, राजवाडे हस्तिदंतानं सजलेले होते.

त्याची बोलण्याची रीत बघा. आधी तो शेजाऱ्यांची पापं काढतो. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. ऐकणारे खूश झाले असणार. मग यहूदा, आणि शेवटी वळतो तो समोर बसलेल्यांवरच. आरोप काय? मूर्तिपूजेचा उल्लेख येतो, पण भर आहे तो व्यवहारावर. गरिबाला जोड्याच्या किमतीला विकता. खोटं माप लावता. गहाण घेतलेल्या कपड्यांवर वेदीशेजारी लोळता.

हे शेवटचं चित्र आम्हाला सगळ्या पुस्तकात सर्वांत भेदक वाटतं. कर्जदाराचं पांघरूण आणि देवाची वेदी एकाच जागी. आपल्या जिल्ह्यात हे समजावून सांगावं लागत नाही. मुकादम उचल देतो, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. दोन्ही व्यवहार एकच आहेत असं आम्ही म्हणत नाही, अडीच हजार वर्षांचं अंतर आहे. पण गहाण म्हणजे काय, हे बेथेलच्या पुजाऱ्यापेक्षा धारूर-वडवणीच्या माणसाला जास्त कळतं.

खऱ्या श्रद्धेबद्दल आमोस व्याख्या देत नाही. तो म्हणतो, देवाला तुमचे सण नकोत, गाणी नकोत. न्याय पाण्यासारखा वाहू द्या, न आटणाऱ्या ओढ्यासारखा. हा विशेषण फार महत्त्वाचा. पॅलेस्टाइनमधले बहुतेक ओढे पावसाळ्यापुरते. आपली बिंदुसरा बघा, वर्षातला बराच काळ नुसतं पात्र. सणापुरती भक्ती ही अशा कोरड्या ओढ्यासारखी, हा टोला तिथल्या श्रोत्याला लगेच लागला असेल.

आता अवघड भाग. चौथ्या अध्यायात देव म्हणतो, एका गावी पाऊस पाडला, दुसऱ्या गावी नाही, तरी तुम्ही वळला नाहीत. इथे आमोस स्वतःच आपत्तीचा अर्थ लावतो. आणि इथे पुस्तक दुबळं होतं असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण दुष्काळात आधी कोण मरतं? ज्याला जोड्याच्या किमतीला विकलं, तोच. टँकर विकत घेणाऱ्याला देवाचा इशारा पोहोचतच नाही. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा रांगेत घागर घेऊन कोण उभं होतं ते आपण पाहिलंय.

ख्रिस्ती परंपरेत या अडचणीला उत्तर आहे, ते लूकच्या तेराव्या अध्यायात. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली. येशू विचारतो, ते इतरांपेक्षा जास्त पापी होते काय? नाही. पण पश्चात्ताप तुम्ही करा. म्हणजे मेलेल्यांवरचा आरोप काढून घेतला, इशारा मात्र ऐकणाऱ्यांवर तसाच ठेवला. प्रलयाची भीती घालून गर्दी जमवणारे प्रवचनकार, कुठल्याही धर्माचे असोत, यातला दुसरा भाग उचलतात आणि पहिला गाळतात.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना केडगावच्या वाटेला लावणारी ही बाई. तिच्या हाताखालून आमोसचा चौथा अध्याय गेला, हे आम्हाला वाचताना विसरता येत नाही.

राहिला शेवट. नवव्या अध्यायात अचानक सूर बदलतो, लोक द्राक्षमळे लावतील, आपल्या भूमीतून पुन्हा उपटले जाणार नाहीत. हा भाग नंतर जोडलेला आहे असं अनेक अभ्यासक मानतात, आणि भाषेवरून आम्हालाही तसंच वाटतं. तरीही तो गाळावा असं वाटत नाही. दसरा-दिवाळीनंतर गाड्या भरून कारखान्यांकडे जातात, गावात म्हातारी माणसं आणि शेळ्या उरतात. तिथे ‘उपटले जाणार नाहीत’ हे शब्द कुणी मोठ्यानं वाचले, तर ऐकणारा ते नंतरचे आहेत की आधीचे, हे विचारणार नाही. तो विचारेल, कधी?